जुना सेटर, नवी पोरं आणि रोजची कुरकुर : काय करू?

गुरुवारची_सुट्टी | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

भोसरी एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. वडिलांनी उभं केलेलं. कॉम्प्युटरवर चालणारे सहा सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (मिलिंगची मशीनं), दोन शिफ्ट, २२ माणसं. दीड वर्षापूर्वी वडिलांची बायपास झाली आणि मी नोकरी सोडून गाळ्यावर बसायला लागलो.

आमच्याकडे एक सेटर आहेत, म्हणजे प्रत्येक जॉबसाठी मशीन लावून देणारे. त्यांना इथे अण्णा म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. १९ वर्षं झाली. हाताला तोड नाही. पण तोंड आणि वागणं असं की रोज सकाळी गाळ्याचं शटर वर जाताना माझ्या पोटात गोळा येतो.

काहीही नवीन काढलं की पहिला शब्द "होणार नाही". ड्रॉइंग हातात घ्यायच्या आधीच. मी फाइव्ह एसचा (गाळा शिस्तीत ठेवायच्या पद्धतीचा) बोर्ड लावला, मार्करने रोजचं रिजेक्शन, म्हणजे बाद झालेले पीस, लिहायचं म्हणून. अण्णांनी दुसऱ्या दिवशी त्याच्या खिळ्याला जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवली. रोज अडकवतात. आकडे पिशवीमागे जातात. मीटिंग घेतली की मागून "शाळा भरली" ऐकू येतं आणि सगळे हसतात. मला "छोटे शेठ" म्हणतात, ते ज्या सुरात म्हणतात तो सूर मला कळतो. मी शाळेत असताना गाळ्यावर आलो की हेच मला "ए बाळा, चपला घालून आत येऊ नको, लोखंडाच्या चिप्स लागतील" म्हणायचे.

त्यांच्याकडे एक लाँगबुक आहे, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक जॉबचे सॉफ्ट जॉ (जॉब पकडायचे जबडे), टूल, ऑफसेट (टूलच्या जागेचे आकडे), सगळं तीत. लॉकरला कुलूप. कोणाला दाखवत नाहीत. नवीन डिप्लोमाची पोरं टिकत नाहीत. गेल्या महिन्यात एक चांगला पोरगा तिसऱ्या आठवड्यात गेला. फोन केला तर म्हणाला, "दादा, काम जमलं असतं, पण ते नाही जमलं."

सगळ्यात जास्त वाजतं ते शुक्रवारी सकाळी. गुरुवारची सुट्टी संपवून आलं की पहिल्या दोन तासांत रिजेक्शन, पोरांवर आरडाओरडा आणि वर "मी सांगितलं होतं".

सुधारावं की काढावं? काढायचं तर कसं?

कोथरूडचा_काका | सोमवार, रात्री ११:१५

काढा. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ७:३०

काका, आंब्याला पीएफ नसतो.

धागाकर्ते, मी आधी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात आणि आता हिंजवडीत, अशी मिळून चौदा वर्षं एचआरमध्ये आहे. पहिली गोष्ट, "अ‍ॅटिट्यूड निगेटिव्ह आहे" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. समोरच्याला ते सांगितलंत की तो विचारणार, म्हणजे नक्की काय? आणि तुम्ही गडबडणार. माणसाच्या स्वभावाला मेमो देता येत नाही. त्यानं काय केलं, त्याला देता येतो.

तुम्ही जी यादी दिलीत तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात. बोर्डावर पिशवी अडकवणं हा गुन्हा नाही, तुमचा अपमान आहे. दोन्हींत फरक आहे आणि तो मालकाला गिळता आला पाहिजे. "होणार नाही" हे मत आहे. बरोबर आहे की चूक, हे तुम्ही तपासलंयत का? पोरगा सोडून गेला हे मात्र नुकसान आहे, आणि बोलायचं असेल तर त्यावरच बोलायचं. पण तिथेच तुम्ही काही लिहिलेलं नाही. नक्की काय झालं होतं? कोणत्या दिवशी, कोणत्या मशीनवर, कोण काय बोललं?

गुरुवारची_सुट्टी | मंगळवार, दुपारी १:०५

विचारून आलो. ऑपरेटर आधी बोलायला तयार नव्हते, मग चहा पाजला.

मंगळवार होता, पहिली शिफ्ट, तीन नंबरचा लेथ. पोरानं वेअर ऑफसेट (टूल झिजल्याची दुरुस्ती) किती द्यायचा विचारलं. अण्णा स्क्रीनसमोर आडवे उभे राहिले आणि चार जणांदेखत म्हणाले, "बापाच्या पैशानं डिप्लोमा केलास ना? मग बघ की त्यात." पोरानं अंदाजानं भरला, टूल चकला, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या भागाला, लागलं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) तुटला, तो धरणारा होल्डर गेला. अण्णा लांबून बघत होते.

हे मला महिनाभर कोणी सांगितलं नव्हतं. होल्डरचं बिल मी पोराच्या नावावर मनात लिहून ठेवलं होतं.

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी २:४०

बघा, आता तुमच्या हातात काहीतरी आलं. हे आजच तारखेसह लिहून ठेवा. विशेषणं नकोत. "उद्धटपणे" नको, जे शब्द बोलले तेच लिहा.

बोलताना एकट्याशी बोला. फ्लोअरवर नको, पगाराच्या दिवशी नको, वडिलांना मध्ये बसवून तर मुळीच नको. हा एकच प्रसंग सांगा आणि गप्प बसा. ती शांतता फार जड जाते, आणि मालक लोक ती भरून काढायला "तसे तुम्ही आमचे आधारस्तंभ आहात" वगैरे सुरू करतात. तसं केलंत की पाच मिनिटांपूर्वी सांगितलेलं सगळं पाण्यात.

जुना_बिल्लेवाला | मंगळवार, रात्री ९:२०

मी पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात २२ वर्षं कामगार प्रतिनिधी होतो, आता निवृत्त आहे. "काढावं कसं" या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही म्हणून लिहितो.

तुमच्याकडे २२ माणसं, त्यामुळे प्रमाणित स्थायी आदेश, म्हणजे मोठ्या कारखान्यांचे सरकारमान्य सेवानियम, तुम्हाला लागू नाहीत. म्हणून मालकांना वाटतं आपण मोकळे. तसं नाही. सेटर हा कामगार आहे, व्यवस्थापक नव्हे. एकट्या कामगाराला कमी केलं तरी तो औद्योगिक वाद होतो, युनियन नसली तरी. ही सोय १९६५ साली कायद्यात आली. आरोपपत्र, खुलाशाची संधी, चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी, यातलं काही न करता "उद्यापासून येऊ नका" म्हणालात, तर कामगार न्यायालय पुन्हा कामावर घ्या आणि मागचा पगारही द्या असं म्हणू शकतं. चौकशी नीट केलीत तरी १९ वर्षांच्या माणसाला तोंडाळपणासाठी बडतर्फ करणं ही शिक्षा जास्तच आहे, असं म्हणून ती कमी करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. शिवाय महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आम्ही किती वेळा वापरला ते विचारू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता आल्यात, कलमांचे क्रमांक आणि मर्यादा बदलल्यात, त्यामुळे वकील आजचा गाठा, माझ्यासारखा कालचा नको. पण ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही, हे कालही होतं आणि आजही आहे.

आणखी एक. ते आजारी पडून ईएसआयचा (सरकारी कामगार विम्याचा) आजारपणाचा लाभ घेत असते, तर त्या काळात काढताच आलं नसतं. पण सेटरचा पगार २१,००० च्या वर असणार, म्हणजे ते ईएसआयच्या बाहेर.

आता हिशेब. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण वर्षं. समजा मूळ अधिक भत्ता २६,००० आहे. १५,००० गुणिले १९, म्हणजे २,८५,०००. राजीनामा दिला तरी हे द्यावंच लागतं. वडिलांनी याची तरतूद केलीय का, ते आधी बघा.

गुरुवारची_सुट्टी | मंगळवार, रात्री १०:०२

नाही केलेली. मूळ पगाराचा तुमचा अंदाज ४०० रुपयांनी चुकला, फक्त.

टूलपोस्ट | बुधवार, पहाटे १२:४८

सेकंड शिफ्ट करून आलो, धागा वाचला, झोप उडाली. मी तुमचा तो अण्णा आहे. म्हणजे तुमचा नव्हे, दुसऱ्या गाळ्यातला. सेटर, २४ वर्षं.

तुम्ही शुक्रवार सकाळ लिहिलंय ना, ते कोणी नीट वाचलं नाही. मशीन गुरुवारभर बंद. स्पिंडल (फिरणारा दांडा) गार, तो धरणारा हेडस्टॉक गार, स्लाइडचं तेल बसलेलं. सकाळी चालू करून लगेच जॉब लावला की पहिल्या तासात हेडस्टॉक तापतो, वाढतो आणि डायमीटर सरकतो. जुन्या मशीनला १५-२० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) कुठं गेले कळत नाही. तुमचा जॉब कसला आहे? समजा ३२ मिलिमीटर एच-सेव्हनचा बोअर (आतलं भोक) असला, तर त्याचा सगळा टॉलरन्सच, म्हणजे चालणारा फरक, २५ मायक्रॉन. त्यातले २० मशीननंच खाल्ले, पोरानं राहिलेल्या पाचात काय नाचायचं? पोरगा पहिला पीस मोजतो, ओके. दहावा मोजतो, बाहेर. ऑफसेट मारतो. तोवर मशीन तापून स्थिर झालेलं, म्हणजे आता उलट्या बाजूला बाहेर. मग बोंबाबोंब.

पूर्वी अण्णा सकाळी लवकर येऊन मशीन रिकामं फिरवत असणार, पैज लावतो. आता का फिरवत नाहीत, ते तुम्ही शोधा.

वहीबद्दल. ती वही आमची एफडी आहे साहेब. आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक सल्लागार आला, "ज्ञान कागदावर आणा" म्हणाला. मी दोन महिने घरी बसून सगळं लिहून दिलं. बायको म्हणायची परीक्षेला बसलाय का. पुढच्या वेळी पगारवाढ मागितली तर उत्तर आलं, "आता सेटिंग कोणीही करतं, वही आहे ना." तेव्हापासून माझ्याही लॉकरला कुलूप आहे.

आणि दोन गोष्टी सांगा. नवीन सेटर किती पगारावर घेतला? आणि गेल्या दिवाळीत काय दिलंत?

पोराला बोलले ते मात्र वाईट. टूल लागताना लांबून बघत राहणं तर लईच वाईट. आम्ही शिकलो तेव्हा आमच्या उस्तादानं पाना फेकून मारला होता, पण टूल जॉबला लागू दिलं नाही कधी.

सोनचाफा_७ | बुधवार, सकाळी ९:१०

मशीनमधलं काही कळलं नाही, तरी वरचा प्रतिसाद दोनदा वाचला.

कोथरूडचा_काका | बुधवार, सकाळी ९:४४

म्हणजे आता नासक्या आंब्याचा सत्कार करायचा का? शाल-श्रीफळ घेऊन येऊ?

खानावळवाली | बुधवार, दुपारी ३:३०

काकांचं अगदीच टाकून देऊ नका हो. धागा एका बाजूला कलंडतोय म्हणून लिहिते.

माझी रत्नागिरीत खानावळ आहे, नऊ बायका कामाला. एक होती, मासे करण्यात तिचा हात धरणारी कोणी नाही. तिच्या तोंडामुळं मला वाटायचं, हिचं घरी काहीतरी बिनसलंय, दुखणं असेल, पैशाची अडचण असेल. पगार वाढवला, सुट्टी वाढवली, उचल दिली. काही नाही. ती नवीन मुलींच्या कालवणात मीठ टाकायची. हो, अक्षरशः. आणि मग गिऱ्हाइकाचं ताट परत आलं की माझ्यासमोर त्यांना झापायची. हे मला कळायला वर्ष लागलं, कारण माझं सगळं लक्ष तिला काय दुखतंय याच्यात. दुसऱ्या कोणाला दुखतंय का, ते बघितलंच नाही. तेवढ्यात दोन गुणी मुली गेल्या. एकीनं बसस्टँडजवळ स्वतःची गाडी टाकलीय, घावणे विकते, माझंच गिऱ्हाईक तिकडं जातं.

शेवटी हिशेब चुकता करून मासेवालीला घरी पाठवलं. पंधरा दिवस माशांच्या थाळीला बोलणी खाल्ली, मग मुली शिकल्या.

कुरकुर करणाऱ्याचं ऐकून घ्या, जरूर घ्या. पण मीठ टाकणारी ती मीठ टाकणारीच. तुमचे अण्णा यातले कोण, ते मला इथे बसून नाही सांगता येणार.

नेकारकाठ | बुधवार, संध्याकाळी ६:१५

श्टुटगार्टजवळ एका कारखान्यात शिफ्ट लीडर आहे. इथे दहापेक्षा जास्त माणसं असतील आणि नोकरीला सहा महिने झाले असतील, तर वागणुकीसाठी काढण्याआधी साधारणपणे लेखी ताकीद द्यावीच लागते. तिला आबमानुंग म्हणतात. अमुक दिवशी तुम्ही अमुक केलंत, ते चुकीचं आहे, पुन्हा झालं तर नोकरी जाऊ शकते, असे तिन्ही भाग त्यात लागतात. आणि जिथे कामगारांचं निवडून आलेलं मंडळ असतं, तिथे त्यांना विचारल्याशिवाय दिलेली नोटीस टिकतच नाही. सुरुवातीला मला हा सगळा कागदी घोडा वाटायचा. आता पाच-सहा ताकिदी लिहून झाल्यावर कळतं, लिहायला बसलं की निम्म्या वेळा लिहिण्यासारखं काही हातात नसतं. नुसता राग असतो.

आमच्याही शिफ्टमध्ये एक "होणार नाही"वाला आहे. त्याला आता मी "होणार नाही, कारण" एवढं वाक्य पूर्ण करायला लावतो. दहापैकी सहा वेळा कारण फालतू असतं. उरलेल्या चारांनी माझी नोकरी वाचवलीय.

सोनचाफा_७ | बुधवार, संध्याकाळी ७:००

घावणे कुठल्या बसस्टँडजवळ मिळतात ते सांगा की.

पाटीपेन्सिल | बुधवार, संध्याकाळी ७:२२

धागा खाण्यावर जायच्या आत, टूलपोस्ट यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं येऊ द्या.

गुरुवारची_सुट्टी | बुधवार, रात्री ११:३०

देतो. कालपासून टाळत होतो.

व्हीएमसीला नवीन सेटर घेतला, चार वर्षांचा अनुभव, ३६,००० वर. बाजारात तोच भाव चाललाय, त्याखाली कोणी येत नाही. अण्णांना ३८,०००. पगाराची पाकिटं स्टोअरकीपर भरतो, म्हणजे हे सगळ्यांना माहीत आहे. मला वाटत होतं कोणाला माहीत नाही.

दिवाळी. वडील सरसकट सगळ्यांना एक पगार द्यायचे. मी आल्यावर सीएंनी सांगितलं की (तेव्हा लागू असलेला) बोनसचा कायदा १९६५ चा, २१,००० च्या वर पगार असेल तर बोनस बंधनकारक नाही, आणि बाकीच्यांना किमान ८.३३ टक्के दिले की झालं. त्या वर्षी एका गिऱ्हाइकाचे पैसे अडकले होते. मी तसंच केलं. वरच्या सात जणांना मिठाईचा बॉक्स.

उद्या गुरुवार. लाइट नसते, गाळा बंद. अण्णांना दोन नंबरच्या लेथची लेव्हल बघायला बोलावलंय. दोघंच असू.

जुना_बिल्लेवाला | बुधवार, रात्री ११:५०

कायद्याने तुमचं काही चुकलं नाही. तुमच्या सीएंचंही नाही. आमचे निम्मे संप अशाच, कायद्याने न चुकलेल्या गोष्टींवर झाले.

गुरुवारची_सुट्टी | शुक्रवार, रात्री ९:४०

झालं बोलणं. जसं झालं तसं लिहितो.

लाइट नव्हती, शटर अर्धं वर, तेवढाच उजेड. अण्णांनी स्पिरिट लेव्हल बेडवर ठेवली, बुडबुडा बघितला, पाना लावून फाउंडेशनच्या बोल्टला पाव फेरा दिला. पुन्हा बघितला. मी पाटीपेन्सिल यांच्या सांगण्याप्रमाणे तो मंगळवारचा प्रसंग सांगितला, जसाच्या तसा, आणि गप्प बसलो. ते बुडबुड्याकडे बघत राहिले. एक मिनिट असेल, मला दहा वाटली. मी आधारस्तंभ वगैरे म्हणणार होतो, जीभ चावली.

मग म्हणाले, "बोललो. पोराचा दोष नव्हता."

मी विचारलं, सकाळी मशीन फिरवायचं बंद का केलंत. तर म्हणाले, "आठ वाजता शिफ्ट, मी साडेसातला यायचो. तुम्ही अंगठ्याचं मशीन बसवलं. पहिल्याच महिन्यात दोनदा दहा मिनिटं उशीर झाला, पाऊस होता, तर अर्धा दिवस कापला. रोजचा आधीचा अर्धा तास कुठं धरलात? मग म्हटलं, मशीन म्हणतंय आठ, तर आठ."

टूलपोस्ट, पैज जिंकलात.

दिवाळीचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. आवाज चढवून नाही. "शेठनी १८ दिवाळ्या पाकीट दिलं. तुम्ही सोनपापडी दिली. पाकीट नाही म्हटलं असतंत तर ऐकून घेतलं असतं. पण सोनपापडी पुढं केलीत आणि फोनवर बोलत राहिलात." मला तो फोन आठवतो. बँकेचा होता. पण ते त्यांना कसं माहीत असणार.

मी म्हटलं, माझं चुकलं, अंगठ्याचा कापलेला अर्धा दिवस या पगारात परत करतो आणि साडेसातचा अर्धा तास ओव्हरटाइम म्हणून दुपटीनं लावतो. पगाराचं एप्रिलमध्ये बघू, आज आकडा सांगत नाही, कारण पाळता आला नाही तर परत तेच. पण पोरांना चार जणांत परत असं बोललात तर लेखी देईन. हे म्हणताना माझा आवाज कापला, खरं सांगतो. लहानपणी ज्यानं चपलांवरून दारातच अडवलं, त्याला हे सांगणं सोपं नाही.

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. पाना पुसून जागेवर ठेवला आणि "मागचा डावा बोल्ट बसलाय, खालचं काँक्रीट खचलंय, पावसाळ्याआधी करून घ्या" म्हणाले.

खानावळवाली | शुक्रवार, रात्री १०:१०

मीठवाले नाहीत तुमचे अण्णा. पण लक्ष ठेवा.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री १०:२५

चांगलं झालं. पण गेलेल्या पोराचं काय? होल्डरचं बिल तुम्ही मनात त्याच्या नावावर लिहिलं होतंत, ते खोडून त्याला सांगितलंत का? नाहीतर तो पुढच्या कंपनीत हेच समजून जगेल की चूक त्याची होती. आणि बोलणं झालं ते तारखेसह लिहून ठेवा, गोडीत झालं असलं तरी. गोडी सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

कोथरूडचा_काका | शनिवार, सकाळी ८:०५

मी माझे शब्द मागे घेत नाही. फक्त आढीत वारा खेळता ठेवायला हवा होता, एवढं मान्य करतो.

गुरुवारची_सुट्टी | साधारण पाच आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ८:५५

पाच-सहा जणांनी खाजगीत "पुढे काय" विचारलं म्हणून लिहितो.

पोराला फोन केला होता. दुसरीकडे लागलाय, चाकणला. होल्डरचं सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग "बरं दादा" म्हणाला. परत येणार नाही, मी विचारलंही नाही.

अण्णा साडेसातला येतात. रिकामं फिरवतात, २० मिनिटं. शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टचं रिजेक्शन आज दोन पीस, पूर्वी बारा-पंधरा असायचं. वहीचं कुलूप तसंच आहे, मीही विषय काढलेला नाही. नवीन पोरगा घेतलाय, त्याला अण्णा शिकवतात असं म्हणणं धाडसाचं होईल, पण स्क्रीनसमोरून बाजूला उभे राहतात. एकदा मागून "अकलेचा कांदा" ऐकू आलं. बाजूला बोलावून सांगितलं, तर म्हणाले, "एकट्यालाच बोललो की, चार जण कुठं होते?" आता यावर काय बोलणार.

व्हीएमसीवाला सेटर मात्र नाराज आहे. म्हणतो साडेसातचा ओव्हरटाइम त्यालाही हवा. त्याच्या मशीनलाही वॉर्मअप लागतो म्हणे. लागत असेल, बघायला हवं.

बोर्डावर पिशवी आहेच. फक्त खिळा एक वीत डावीकडे सरकलाय, आकडे दिसतात. कोणी सरकवला ते मी विचारलेलं नाही.

टूलपोस्ट | शुक्रवार, रात्री ११:५८

तुमच्या अण्णांना विचारा, गार मशीनवर पहिल्या पीसला एक्समध्ये (व्यासाच्या दिशेला) किती मायक्रॉन सोडतात. आमच्याकडे मी १२ सोडतो, तरी कधीकधी फसतं.

गुरुवारची_सुट्टी | शनिवार, दुपारी १२:२०

विचारलं. म्हणाले, "त्यांना म्हणावं गुरुवारी इकडे या, लाइट नसते पण चहा मिळतो. असं फोनवर कोणी सांगतं का?"